काळी फिल्म, फिकी फिल्म

कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर मी एक वाक्य खोटं बोललो, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. वाक्य लहान होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कशातून बघितलं ग्रहण?" आणि खुर्चीत बसलेल्या बाईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "फिल्म दिली होती, डॉक्टर. पण हिनं ती बाजूला करून उघड्या डोळ्यांनी बघितलं."

तिनं फिल्म बाजूला केली नव्हती. शेवटपर्यंत डोळ्यांसमोर धरली होती. ती फिल्म मीच तिच्या हातात दिली होती आणि ती कशी होती हे फक्त मला माहीत होतं.

हे एकदा कागदावर आलं. आता मागचं सांगतो.

तेव्हा मी टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत गेलेल्या एका कच्च्या वाटेवरच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होतो. घर शहापूर तालुक्यात, वाशिंदच्या बाजूला. शनिवारी एसटीनं सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूर, सोमवारी पुन्हा तसाच उलटा. लग्न व्हायचं होतं. वय असं, की आपण इथल्या लोकांचे डोळे उघडायला आलो आहोत असं खरोखर वाटायचं. हे शब्द आज लिहिताना हात अडतो, पण तेव्हा मी हेच शब्द वापरायचो.

ती शाळेत स्वयंपाकाला होती. माझ्याहून वयानं मोठी, शाळेच्या मागच्या वाडीतली. सगळे तिला बाय म्हणायचे, मीही म्हणायचो. दोनदोनशे भाकऱ्या थापणारे हात आणि त्याहून भराभर चालणारी जीभ. मी भाताला नाव ठेवलं की म्हणायची, "गुरुजी, भात गिच्च झाला त्याला पन काय तरी शास्त्र असंल ना तुमचं? सांगा, म्हंजे उद्या तसाच करते."

पोरांची जेवणं झाली की मी त्यांना पटांगणात बसवून आकाश दाखवायचो. तारा कसा जन्मतो ते सांगायचो. धुळीचा आणि वायूचा एक प्रचंड ढग, तो आपल्याच वजनानं आत आत दबत जातो, दबता दबता तापतो आणि एक दिवस पेटतो. मग पोटातलं जळण पुरेपर्यंत जळतो. आपला सूर्य आत्ता मध्यम वयाचा आहे. पुढे तो फुगेल, लाल होईल, जवळचे ग्रह गिळेल आणि शेवटी एक लहानसा पांढरा निखारा मागे राहील, हळूहळू निवत जाणारा. पोरं पेंगायची. ती मात्र पातेली घासता घासता ऐकत असायची.

"म्हंजे सूर्य मरनार?"

"मरणार. पण अजून अब्जावधी वर्षं आहेत त्याला."

"मंग आत्ताच कशाला भ्या दाखवता पोरांना? रातच्याला झोपत नायत ती." मग थोड्या वेळानं, "आनि त्याची राख कुठं जाते वो? माझी चूल रोज भरते."

मला हा प्रश्न फार आवडला होता. मी उत्साहानं सांगितलं की राख बाहेर पडत नाही, पोटातच साठत जाते आणि ती साठल्यामुळेच तो म्हातारपणी फुगतो.

"माझ्या सासऱ्यागत," ती म्हणाली, आणि पेंगलेली पोरंही हसली.

त्या दिवसांत मी आणखी एक गोष्ट मोठ्या ऐटीत सांगायचो. आपल्याला दिसतात त्यातले कितीतरी तारे केव्हाच मरून गेलेत, आपण नुसता त्यांचा उजेड बघतोय. पोरांच्या अंगावर काटा यायचा. पुढे वाचनात आलं, तेव्हा कळलं की हे खरं नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे जिवंतच आहेत. त्यांची आयुष्यंच इतकी लांब, की उजेडाला इथवर यायला लागणारा काळ त्यापुढे काहीच नाही. ते मी पोरांना पुन्हा बोलावून सांगितलं नाही. गुरुजींचं बोलणं तपासणार कोण? चुकीचं सांगून मोकळं व्हायची सवय मला तिथेच लागली असावी.

आता चौकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं. त्या वाडीत लग्न ठरलं की लग्नघराच्या सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर चौक काढतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, चावून मऊ केलेली काडी त्यात बुडवायची आणि भिंतीवर चौकट घालायची. आत देव, बाजूनं झाडं, नाचणारी माणसं, वरच्या एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तो काढायचा मान ठरावीक सवाशिणींचा आणि त्यांच्यातला पहिला हात बायचा. आजूबाजूच्या वाड्यांतूनही तिला न्यायला यायचे. लोंबत्या पदरानं ती भिंतीपुढे उभी राहायची आणि सूर्याचा गोल एका दमात, काडी न उचलता काढायची. मी एकदा म्हणालो, "कंपासनं काढल्यासारखा आहे." तर म्हणाली, "तुमचा कंपास आनाच, बघू कोनाचा वाकडा येतो."

ग्रहण आलं ते पंचाण्णवच्या दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तरेकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, पण मोठं. शाळेला सुट्टी होती. मी घरी न जाता थांबलो. वाडीला ग्रहण दाखवायचं, हे मी महिनाभर आधीच ठरवलं होतं.

वाडीत ग्रहणाची रीत अशी, की परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचं. ग्रहण आहे तोवर मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं सगळे मानायचे. बायका परातीभोवती बसून मुसळावर नजर ठेवायच्या. मी आठवडाभर आधीच वाडीत जाऊन परात मागवली आणि साध्या दिवशी, भर दुपारी मुसळ उभं करून दाखवलं. बूड सपाट असेल तर ते कधीही उभं राहतं. लोक हसले. मीही हसलो. बाय म्हणाली, "मंग इतकी वर्सं आमी मुसळ राखत बसलो, गुरुजी! मुसळाला पन हसू येत असंल."

वाडीतला एक जाणता म्हातारा होता, देवधर्माचं तोच बघायचा. तो हसला नाही. त्यानं माझ्या फिल्मचा तुकडा हातात घेऊन उन्हाकडे धरला, खाली ठेवला आणि बराच वेळ विचार करून निवाडा दिला.

"पान्यात बघितलेलं गिरान पानी सोसतं. तसं तुमच्या ह्या काळ्या कागदातनं बघितलं, तर कागद सोसंल. त्याला माझी ना नाय. पन उघड्या डोळ्यांनी जो बघंल, त्याला ते लागलं. मंग त्या हातानं देवाचं काय करायचं नाय."

मला हा निवाडा म्हणजे माझा विजय वाटला. म्हाताऱ्यानं फिल्मला परवानगी दिली होती. निवाड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे मी लक्ष दिलं नाही.

फिल्म म्हणजे जुने एक्स-रे. शहापूरच्या ओळखीच्या एका दवाखान्यातून आणले होते. त्याचा नियम मला ठाऊक होता: फिल्मचा पूर्ण काळा झालेला भागच घ्यायचा आणि तोही दुहेरी करून. चित्र उमटलेला, करडा भाग कामाचा नाही. त्यातून सूर्याचा लखलखाट कमी होतो, पण डोळा भाजणारे किरण पार होतात. मी काळ्या कडा कापून, दोन-दोन जोडून पट्ट्या केल्या होत्या. माझ्यासाठी वेगळी सोय होती. वाशिंदच्या कारखान्यात वेल्डर असलेल्या मावसभावाकडून मी वेल्डिंगची सगळ्यात गडद काच आणली होती. ती दोरीत ओवून गळ्यात अडकवली होती.

त्या बाजूला पूर्वेला सगळा सह्याद्रीचा कडा. ऊन उशिरा येतं. आम्ही खळ्यावर जमलो तेव्हा डोंगराच्या कडेला नुसती उजेडाची रेघ होती. सूर्य वर आला तोच एका बाजूनं कुरतडलेला. पोरं ओरडली. माझ्या अंदाजापेक्षा माणसं पुष्कळ जास्त आली होती, शेजारच्या वाडीतलीही. काळ्या पट्ट्या बघता बघता संपल्या.

बायका मात्र आल्या नव्हत्या. त्या बायच्या अंगणात परातीभोवती बसल्या होत्या. मी आठवडाभर आधी एवढं दाखवून दिलं, तरी त्यांनी मुसळ उभं केलंच होतं. मला राग आला. खरं सांगायचं तर अपमान वाटला. मी अंगणात गेलो आणि म्हणालो, "बाय, तू तरी चल. तू आलीस की ह्या येतील."

"मुसळ पडंल ना गुरुजी."

"पडू दे."

ती उठली. पदर खोचत माझ्याबरोबर खळ्यावर आली. मी पिशवीत हात घातला तर एकही काळी पट्टी उरली नव्हती. तळाशी छातीचा एक अख्खा एक्स-रे होता, कुणाचा तरी. मधला भाग करडा, त्यावर बरगड्या पांढऱ्या. मी कात्रीनं त्याचा एक तुकडा कापला. एकेरी. कापताना मला कळत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय: कापताना मला कळत होतं. गळ्यातली काच काढून तिच्या हातात द्यायला क्षण लागला नसता. पण मला ग्रहणाच्या प्रत्येक टप्प्याचं चित्र काढायचं होतं, आणि वाटलं, एवढ्यानं काय होतंय, सकाळचं तर ऊन आहे.

तिनं तुकडा डोळ्यांसमोर धरला.

"गुरुजी, ह्याच्यात कोनाच्या तरी बरगड्या हायेत."

"असू देत. सूर्य बघ."

"कोन हाय हा? जिता हाय ना?" मग डोळे बारीक करून, "लई लखलखतंय वो."

"पहिल्यांदा तसंच वाटतं. सवय होते. नीट बघून घे. पुढच्या लग्नात चौकात असाच सूर्य काढ."

आणि तिनं नीट बघून घेतलं. बाकीचे बघायचे, ओरडायचे, पट्टी दुसऱ्याला द्यायचे. ती चौक काढणारी बाई होती. एखादा आकार हातात यायचा तर आधी डोळ्यांत बसावा लागतो, हे तिला माहीत होतं. ती उभी राहिली आणि बघतच राहिली. सूर्य कोयत्याच्या पात्याएवढा उरला तेव्हाही, पुन्हा भरत चालला तेव्हाही. मधे एकदा बोट हवेत फिरवलेलं मी पाहिलं, आकार गिरवत असल्यासारखं.

उजेड पातळ झाला होता. अंगावर ऊन होतं आणि ऊब नव्हती. खळ्याच्या कडेला उंबराचं झाड होतं. त्याच्या सावलीत, पानांच्या फटींतून पडलेले उन्हाचे कवडसे नेहमीसारखे गोल नव्हते. शेकडो छोट्या कोरी जमिनीवर पडल्या होत्या, प्रत्येक कवडसा म्हणजे एक कुरतडलेला सूर्य. असं होतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी त्या पाहिल्या, वहीत टिपल्या आणि पुन्हा काच डोळ्यांना लावली. सगळ्यांना तिथे, झाडाखाली उभं करून जमिनीकडे बघा एवढं म्हणालो असतो तर पुरलं असतं. खाली मान घालून ग्रहण बघता येतं. परातीभोवती बसलेल्या बायकांच्या मानाही खालीच होत्या. मुसळाची समजूत खोटी होती, पण तिनं किती जणींचे डोळे राखले असतील हा हिशेब माझ्या डोक्यात फार उशिरा आला. मी मुसळाला खोटं पाडलं आणि माना वर केल्या.

दुपारी मी एसटीसाठी निघालो तेव्हा ती वाटेत भेटली. म्हणाली, "डोळ्यापुढं सूर्य बसलाय गुरुजी, उठत नाय."

"संध्याकाळपर्यंत जाईल," मी म्हणालो, आणि घरी जाऊन पाडवा, भाऊबीज केली.

सुट्टी संपून आलो तर पहिल्याच दिवशी ताटात अर्धी कच्ची भाकरी. पुढची करपलेली. मी चेष्टा करायला स्वयंपाकघरात गेलो. ती तव्यापुढे मान तिरकी करून बसली होती, कोंबडी बघते तशी.

"तव्याच्या मधे काळं दिसतंय," ती म्हणाली. "भाकर जळली म्हनून उलटते, तर कच्ची असते. कच्ची म्हनून ठेवते, तर जळते. कडंचं समदं दिसतं. मधलं नाय."

मी तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन कल्याणला गेलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, आत बराच वेळ पाहिलं. मग तो प्रश्न विचारला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंय.

डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही फिल्म देऊनही लोक असं करतात." त्यांनी समजावून सांगितलं. ग्रहणात सूर्य काही वेगळं विष सोडत नाही. तो रोजच्यासारखाच असतो. रोज आपण त्याच्याकडे बघू शकत नाही म्हणून वाचतो. ग्रहणात तो झाकलेला असतो, म्हणून बघवतो, आणि जेवढी कोर उघडी असते तेवढी पूर्ण ताकदीनं भाजते. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे भाजतंय हे माणसाला कळतच नाही. मधला ठिपका गेलाय. औषध नाही.

हे सगळं मला त्या सकाळीही माहीत होतं. तोंडपाठ होतं.

ती खुर्चीत तशीच बसली होती. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. माझं वाक्य ऐकून तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. बोलली नाही.

परतीच्या गाडीत नवरा तिला म्हणाला, "गुरुजींनी फिलम दिली व्हती ना हातात? तुला कसली घाई झाली गो, ती काढायची?" ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी पुढच्या बाकावर होतो. सरळगाव गेलं, टोकावडं आलं. मला चौकशीची भीती वाटत होती, नोकरी जायची भीती वाटत होती. पण मनाशी मी वेगळंच सांगत होतो. खरं कळलं तर ही माणसं पुन्हा विज्ञानावर विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून गप्प राहायचं. हे कारण मी बरीच वर्षं वापरलं.

नवऱ्यानं घरी सांगितलं, घरातून वाडीत गेलं. बायनं फिल्म काढून उघड्या डोळ्यांनी ग्रहण बघितलं. म्हाताऱ्याचा निवाडा सगळ्यांसमोर झालेला होता. त्याला नव्यानं काही बोलावं लागलं नाही. कुणी तिला टाकलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. पाण्याला, लावणीला, हळदीला ती सगळ्यांबरोबर असायची. फक्त वैशाखात पहिलं लग्न आलं तेव्हा पिठाची वाटी तिच्या जावेच्या हातात गेली.

त्या लग्नाला मला बोलावलं होतं. खुर्ची दिली, टोपी घातली. भिंतीवर चौक होता. सूर्य जरा लांबट आला होता. बाय मागे, बायकांत उभी होती आणि मान तिरकी करून, कडेनं भिंतीकडे बघत होती. खळ्यावर फिल्ममधून बघितलेले कितीतरी जण त्या मांडवात वावरत होते, देवाला हात लावत होते. त्यांना काही लागलेलं नव्हतं. कागदानं सोसलं होतं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, की तिनंही कागदातूनच बघितलं. मी जेवलो आणि निघालो.

त्यानंतर मी पोरांना आकाश दाखवणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, ढग असतात हल्ली. ताऱ्यांच्या जन्माचा धडा आला की पोरांना आपापला वाचायला सांगायचो आणि खिडकीशी उभा राहायचो. सूर्य रोज कड्यावरून यायचा. त्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याच्या पोटात राख साठत होती आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये पुन्हा ग्रहण आलं, संध्याकाळच्या बाजूला. वरून पत्र आलं, मुलांना माहिती द्यावी. पावसाचे दिवस, आभाळ भरलेलं, सूर्य दिसायची शक्यता नव्हती. तरी मी सगळ्या पोरांना वर्गात घेतलं आणि दारं लावली. एक शिक्षक हसून म्हणाले, "काय हे सर, तुम्हीच ग्रहण पाळायला लागलात?" ढगांच्या आडच उजेड एकदम खाली बसला. बगळे अवेळी घराकडे निघाले. मी मागच्या पडवीत गेलो तर बाय तिथे तांदूळ निवडत बसली होती. खडे डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधत होती.

"लागलं का गुरुजी?"

"लागलं."

"आज मला पन तुमच्याएवढंच दिसतंय मंग." ती हसली.

मी विचारलं, कल्याणला ती गप्प का राहिली. हा प्रश्न विचारायला मला इतकी वर्षं लागली होती.

"काय बोलू?" ती म्हणाली. "गुरुजी खोटं बोलतात असं मी म्हनले असते, तर कोनी आयकलं असतं? डाक्तरनं? का माझ्या नवऱ्यानं?" सूप तिनं बाजूला ठेवलं. "तुमची नोकरी व्हती. माझा चौक व्हता. तुमची तुमी राखलीत."

मग म्हणाली, "आता कोन तुमची नोकरी खातंय? थोरलीचं लगीन जमंल दोन-तीन सालात. त्याच्या आधी एकदा वाडीत सांगा. माझ्या लेकीचा चौक मला काढू द्या."

"तुला दिसतं का पण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हाताला दिसतंय की." तिनं शेजारच्या तांब्यात बोट बुडवून पडवीच्या जमिनीवर गोल काढला. एका दमात, बोट न उचलता. तो वाळेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. ती कडेनं, मी समोरून.

मी म्हणालो, "सांगतो."

थोरलीचं लग्न झालं. आदल्या दिवशी चौक घालायच्या वेळेला मी हजर होतो, मुद्दाम त्यासाठीच गेलो होतो. जाऊ पीठ कालवत होती. म्हातारा आता फार थकला होता, मांडवातच खाटेवर पडून होता. मला बघून म्हणाला, "गुरुजी, दोन शब्द सांगा, पोरीला आसरवाद द्या." मांडवातली सगळी माणसं गप्प झाली. बायचा नवरा हात बांधून उभा होता. बाय दाराशी होती. जमिनीकडे बघत असावी, तिच्या नजरेवरून सांगता यायचं नाही.

मी उभा राहिलो. आणि मी सांगितलं, की आकाशातले पुष्कळसे तारे जोडीनं राहतात, एकमेकांभोवती फिरतात, एकमेकांना धरून ठेवतात. ते खरं आहे. लोकांना आवडलं. कुणीतरी नारळ दिला. मी खाली बसलो तेव्हा जावेनं काडी भिंतीला लावली होती.

पंगतीत बाय वाढायला आली. माझ्या पानावर भात घालताना वाकून म्हणाली, "छान बोललात. तारेच सांगितलेत." आणि पुढच्या पानाकडे गेली.

त्याच वर्षी मी बदली मागून घेतली, शहापूर तालुक्यात, उंबरमाळीच्या बाजूला. लग्न, पोरं, घराचे हप्ते. त्या वाडीकडे जायला तिथून दोन एसट्या बदलाव्या लागतात, हे कारण पुरेसं होतं.

दोन हजार नऊच्या जुलैत पुन्हा सूर्यग्रहण होतं, सकाळी सकाळी. घरी पोरं मागे लागली, बाबा चष्मे आणा. मी त्यांना दुकानातले चांगले चष्मे आणून दिले, आणि आदल्या दिवशी शाळेत रजा टाकून टोकावड्याला गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येत नाही. पाऊस होता. ती ओट्यावर बसली होती. नवरा गेला होता, म्हातारा तर केव्हाच गेला होता. मी वहाणा काढल्या तशी म्हणाली, "गुरुजी?"

"ओळखलंस?"

"चालन्यावरनं. तुमचं तोंड मला त्या सकाळपासनं दिसलं कुठं? बघायला गेलं की तितं काळं असतं. कान दिसतात, टोपी दिसते." मग जवळ सरकून, मान तिरकी करून मला कडेनं बघत म्हणाली, "म्हातारे झालेत का वो तुमी?"

मी झालो म्हणालो.

चहा झाला. मीच म्हणालो की मांडवात मला जमलं नाही. ती म्हणाली, "ते मी आयकलं ना तव्हाच." निघताना म्हणाली, "धाकटा ऱ्हायलाय. त्याच्या लग्नात पन तारेच सांगनार असाल, तर येऊ नका."

रात्री मुरबाडला ओळखीच्या घरी राहिलो. सकाळी ग्रहणाच्या वेळेला मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर होतो. आभाळात काही दिसलं नाही. दिवस उगवता उगवता अंधारला आणि पुन्हा उजाडला. कंडक्टरनं तेवढ्या वेळापुरता गाडीतला दिवा लावला होता, तो पुढे किन्हवलीपर्यंत जळत राहिला.

हे मी लिहिलं, पण लिहिल्यानं ते फिटत नाही. तिला वाचता येत नाही आणि वाडीत हे कुणी वाचणार नाही. धाकट्याचं लग्न अजून व्हायचंय. मी तिला एक वाक्य देणं लागतो, तिच्या वाडीत, तिच्या माणसांसमोर, चौक घालायच्या आधी: हिनं फिल्म काढली नव्हती, फिल्म मी फिकी दिली होती. ते मी अजून दिलेलं नाही.